निवाड्याचा अधिकार : सायबरपंक व्हिडिओ गेमचा टेबलाकडे परतीचा प्रवास

प्रस्तावना

संगणकावर आवडीने खेळलेला एखादा व्हिडिओ गेम चार-पाच मित्रांनी टेबलाभोवती बसून, कागद, पेन्सिल आणि फासे यांच्या साहाय्याने पुन्हा नव्याने खेळावा, ही प्रथा अमेरिकेत व युरोपात आता चांगलीच रुळलेली आहे. एका बैठकीत न संपणारा, आठवडेच्या आठवडे, प्रसंगी वर्षानुवर्षे चालणारा असा सलग डाव 'कॅम्पेन' या नावाने ओळखला जातो. सायबरपंक या विज्ञानसाहित्य-प्रकारातील खेळांच्या बाबतीत ही प्रथा विशेष दिसून येते. या प्रथेकडे अभ्यासकांचे फारसे लक्ष गेलेले नाही. चाहत्यांनी केलेली हौशी नक्कल, यापलीकडे तिला महत्त्व देण्याची गरज बहुतेकांना वाटलेली नाही.

टेबलावरील भूमिकाखेळ म्हणजे काय, हे प्रारंभी स्पष्ट करणे आवश्यक आहे. येथे सारीपाटासारखा पट असतोच असे नाही, आणि कोणी जिंकत वा हरतही नाही. प्रत्येक भिडू एका काल्पनिक पात्राची भूमिका घेतो व आपले पात्र काय करते ते तोंडी सांगतो. एक जण मात्र पात्र न घेता सारे जग सांभाळतो. त्याला गेममास्टर म्हणतात. भिडूंच्या कृतीचा परिणाम काय झाला हे तो नियमपुस्तक, फासे आणि स्वतःचा विवेक यांच्या आधारे ठरवतो. तो सूत्रधारही असतो आणि पंचही. कोकणातील दशावतारी नाटकाला लिखित संहिता नसते. आख्यान ठरलेले असते आणि संवाद रंगमंचावर उभे राहिल्यावर सुचतात. भूमिकाखेळाची जात साधारण तीच, फरक इतकाच की येथे आख्यानाचा शेवटही ठरलेला नसतो आणि प्रेक्षक वेगळा नसतो.

व्हिडिओ गेमचे टेबलावरील रूपांतर हे मूळ कृतीचे दुय्यम माध्यमात केलेले भाषांतर आहे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. इतिहास तपासला तर ही समजूत उलटी ठरते. सायबरपंक व्हिडिओ गेम मुळात टेबलावरूनच यंत्रात गेला, आणि जाताना एक मोठी गोष्ट टेबलावरच ठेवून गेला. ती म्हणजे पूर्वी कोणीही न कल्पिलेल्या कृतीवर तत्काळ निवाडा देण्याचा अधिकार. २००० साली प्रकाशित झालेल्या 'डेउस एक्स' या खेळाच्या आधारे प्रस्तुत लेखात या प्रवासाचा मागोवा घेतला आहे.

पंचाचा वंश

या अधिकाराचे मूळ मनोरंजनात नसून सैनिकी शिक्षणात आहे. प्रशियन सैन्यातील अधिकारी गेऑर्ग फॉन रायस्वित्झ याने १८२४ मध्ये 'क्रीगश्पील' हा युद्धखेळ सिद्ध केला. दोन्ही पक्षांचे अधिकारी आपले हुकूम पंचाकडे देत आणि पंच नकाशावर तुकड्या हलवून फाशांच्या व तक्त्यांच्या आधारे हानी मोजत असे. कालांतराने तक्ते इतके वाढले की खेळापेक्षा हिशेबच जड झाला. १८७६ मध्ये यूलियस फॉन व्हर्डी द्यु व्हर्न्वा याने त्यावर सरळ उपाय सुचवला. युद्धाचा अनुभव असलेल्या पंचाला नियमांच्या जोखडातून मोकळे करावे व त्याचा विवेकच प्रमाण मानावा, असे त्याचे प्रतिपादन होते. नियम श्रेष्ठ की पंच, हा भूमिकाखेळातील आजचा वाद तेव्हाच सुरू झाला होता.

चार्ल्स टॉटन या अमेरिकन अधिकाऱ्याचा 'स्ट्रॅटेगोस' हा ग्रंथ १८८० मधला. जवळजवळ नव्वद वर्षांनी मिनेसोटातील डेव्हिड वेस्ली या युद्धखेळप्रेमी तरुणाच्या तो हाती आला. भिडूने काहीही करून पाहावे आणि परिणाम पंचाने ठरवावा, ही त्यातील कल्पना वेस्लीने उचलली. १९६९ मध्ये त्याने 'ब्राउनश्टाइन' नावाच्या काल्पनिक प्रशियन नगराचा डाव मांडला आणि सेनापतींबरोबरच नगरातील नागरिकांच्या भूमिकाही मित्रांना वाटून दिल्या. भिडू ठरलेली लढाई सोडून आपापसांत कारस्थाने करू लागले. डाव फसला असे वेस्लीला वाटले; भिडूंनी मात्र तसाच दुसरा डाव मागितला. याच मंडळींतील डेव्ह आर्नेसन याने ही पद्धत पुढे नेली आणि गॅरी गायगॅक्स याच्यासह १९७४ मध्ये 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' प्रसिद्ध केले.

यंत्राने या खेळाची नक्कल करण्यास फार वेळ लावला नाही. इलिनॉय विद्यापीठाच्या 'प्लेटो' या संगणकप्रणालीवर १९७५ च्या सुमारासच असे खेळ दिसू लागले. संगणकाला फासे टाकणे, हिशेब ठेवणे आणि नकाशा दाखवणे उत्तम जमत होते. जमत नव्हता तो निवाडा.

ऑस्टिन

यापुढील कथेचा बराच भाग टेक्सास राज्यातील ऑस्टिन या एकाच शहरात घडतो, ही बाब लक्षणीय आहे. १९७८ मध्ये तेथे 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'चा एक दीर्घ डाव सुरू झाला. गेममास्टर होते तरुण लेखक ब्रूस स्टर्लिंग, आणि भिडूंमध्ये होते टेक्सास विद्यापीठात चित्रपटाचा अभ्यास करणारे वॉरन स्पेक्टर. स्टर्लिंग यांनी पुढे १९८६ मध्ये 'मिररशेड्स' हा कथासंग्रह संपादित केला आणि सायबरपंक चळवळीला तिचा जाहीरनामा मिळाला. स्पेक्टर यांनी पुढे 'डेउस एक्स' निर्माण केला. त्या डावात मित्रांसोबत मिळून गोष्ट घडवण्याचा जो अनुभव आला, तो यंत्रावर पुन्हा उभा करण्याचाच प्रयत्न आपण आयुष्यभर केला, असे स्पेक्टर यांनी मुलाखतींतून वारंवार सांगितले आहे. सायबरपंक साहित्याचा एक प्रवर्तक आणि सायबरपंक व्हिडिओ गेमचा एक शिल्पकार एकाच टेबलाशी बसलेले होते, आणि त्या टेबलावर चालू असलेला डाव सायबरपंकचा नव्हता.

सायबरपंक हा शब्द ब्रूस बेथके यांच्या १९८३ मध्ये छापलेल्या कथेचे शीर्षक म्हणून रूढ झाला. विल्यम गिब्सन यांची 'न्यूरोमॅन्सर' ही कादंबरी १९८४ ची. राज्यसंस्थेपेक्षा बलाढ्य कंपन्या, बाजारात विकत मिळणारे कृत्रिम अवयव, माहितीच्या जाळ्यात घुसखोरी करणारे चतुर पण कफल्लक नायक, ही या साहित्याची ओळख. टेबलावर ते अल्पावधीतच पोहोचले. माइक पॉन्डस्मिथ यांच्या आर. टॅलसोरियन गेम्स या संस्थेने 'सायबरपंक' हा खेळ १९८८ मध्ये प्रकाशित केला. 'सायबरपंक २०२०' ही त्याची सर्वाधिक परिचित आवृत्ती १९९० ची. त्यांच्या दरम्यान, १९८९ मध्ये, फासा कॉर्पोरेशनने सायबरपंकमध्ये जादू व ड्रॅगन मिसळून 'शॅडोरन' काढला.

ऑस्टिनमधील स्टीव्ह जॅक्सन गेम्स ही संस्थाही त्याच वेळी आपल्या 'गर्प्स' या नियमप्रणालीसाठी सायबरपंकवरील पुस्तक तयार करीत होती. स्पेक्टर यांनी १९८० च्या दशकात याच संस्थेत काम केले होते, परंतु या सुमारास ते तेथून बाहेर पडले होते. १ मार्च १९९० रोजी अमेरिकेच्या सिक्रेट सर्व्हिसने या संस्थेच्या कार्यालयावर छापा घातला व संगणक जप्त केले. त्यात प्रकाशनाच्या उंबरठ्यावर असलेल्या 'गर्प्स सायबरपंक'चे हस्तलिखितही गेले. हा छापा खेळावरच होता, असे अनेक ठिकाणी लिहिलेले आढळते. ते बरोबर नाही. पुस्तकाचे लेखक लॉइड ब्लँकेनशिप हे संगणकवर्तुळात 'द मेंटॉर' या नावाने परिचित होते, आणि दूरध्वनी कंपनीच्या आपत्कालीन सेवेसंबंधीचा एक कागद त्यांच्या संगणक-फलकावर पोहोचला असल्याचा तपासयंत्रणेला संशय होता. छाप्याचे कारण हा कागद होता. संस्थेवर स्वतःवर कोणताही आरोप नव्हता आणि तो कधी ठेवलाही गेला नाही. परंतु हस्तलिखित परत मागण्यास गेलेल्या स्टीव्ह जॅक्सन यांना, हे पुस्तक म्हणजे संगणकीय गुन्ह्याची मार्गदर्शिका आहे, अशा अर्थाचे उत्तर मिळाले. खेळाच्या नियमांना गुन्ह्याची कृती समजण्याचा हा प्रकार आजही थक्क करणारा आहे.

परिणाम हास्यास्पद नव्हते. संस्थेला जवळजवळ निम्मे कर्मचारी कमी करावे लागले. जुने मसुदे व चाचणीसाठी बाहेर दिलेल्या प्रती गोळा करून पुस्तक पुन्हा उभे करावे लागले. ज्या कागदासाठी हे सारे घडले, त्याची किंमत दुसऱ्या एका खटल्यात ७९,४४९ डॉलर सांगितली गेली होती. त्यातील माहिती १३ डॉलरच्या पुस्तिकेत कोणालाही मिळत असल्याचे उघड झाल्यावर तो खटला जुलै १९९० मध्ये कोसळला. त्याच महिन्यात संगणकीय नागरी हक्कांसाठी इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनची स्थापना झाली आणि तिच्या पाठिंब्याने जॅक्सन न्यायालयात गेले. न्यायाधीश सॅम स्पार्क्स यांनी मार्च १९९३ मध्ये संस्थेच्या बाजूने निकाल देऊन पन्नास हजार डॉलरांहून अधिक नुकसानभरपाई मंजूर केली. प्रकाशकाचे साहित्य जप्त करण्यावर १९८० च्या कायद्याने घातलेली बंधने भूमिकाखेळाच्या प्रकाशकालाही लागू आहेत, हे त्या निकालाने प्रस्थापित केले. स्टर्लिंग यांचे 'द हॅकर क्रॅकडाउन' (१९९२) हे पुस्तक या प्रकरणाचा आजही वाचनीय असा वृत्तांत आहे.

या घटनेचे प्रस्तुत विषयाशी नाते दुहेरी आहे. एक तर, टेबलावरील सायबरपंक हा केवळ कल्पनाविलास नाही असे राज्यसंस्थेनेच चुकून मान्य केले. दुसरे असे की, सायबरपंकचा मूळ प्रश्नच निर्णय कोणाच्या हाती असतो हा आहे. आणि हा प्रश्न ज्या माध्यमात खेळायचा, त्या माध्यमात निर्णय कोण घेतो, ही बाब म्हणूनच गौण राहत नाही.

यंत्रात गोठलेला पंच

स्पेक्टर १९८९ मध्ये ओरिजिन सिस्टम्स या ऑस्टिनमधीलच व्हिडिओ गेम कंपनीत दाखल झाले. तेथे निर्माते म्हणून त्यांचा ज्या खेळांशी संबंध आला, त्यांपैकी लुकिंग ग्लास या संस्थेने घडवलेला 'सिस्टम शॉक' (१९९४) येथे महत्त्वाचा आहे. एका अवकाशस्थानकाचा ताबा घेतलेल्या कृत्रिम बुद्धीशी खेळाडूचा सामना, हा त्याचा विषय. तयार पर्यायांतून उत्तर निवडण्याची तत्कालीन संवादपद्धती रचनाकारांना इतकी खोटी वाटत होती की त्यांनी संवादच काढून टाकला. स्थानकावर बोलण्याजोगा माणूस जिवंत ठेवलाच नाही. मृतांच्या ध्वनिमुद्रित नोंदी तेवढ्या शिल्लक ठेवल्या. भयकथा म्हणून ही युक्ती अप्रतिम वठली. तथापि तिचा अर्थ असा की, टेबलावर जी गोष्ट सर्वांत सहज साधते, म्हणजे दोन माणसांचे बोलणे, तीच यंत्राला सर्वांत अवघड होती, आणि प्रामाणिक रचनाकारांनी ते जाणून माघार घेतली होती.

'डेउस एक्स'मध्ये माणसे परत आली. आयन स्टॉर्मच्या ऑस्टिन कार्यालयात घडलेला हा खेळ जून २००० मध्ये प्रकाशित झाला. काळ २०५२ चा. 'ग्रे डेथ' नावाची साथ पसरली आहे, 'अँब्रोसिया' ही लस मोजक्यांनाच मिळते, आणि शरीरात सूक्ष्म यंत्रे बसवलेला जे. सी. डेंटन हा युनॅटको या दहशतवादविरोधी संघटनेचा नवा अधिकारी हळूहळू आपल्याच मालकांच्या कारस्थानापर्यंत पोहोचतो. पहिलीच कामगिरी लिबर्टी बेटावर आहे. स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्यात दडलेल्या बंडखोर म्होरक्यापर्यंत समोरच्या दाराने लढत जाता येते, मागून पेट्यांवर चढून जाता येते, खबऱ्याकडून किल्ली मिळवता येते; एकाही माणसाचा जीव न घेता जाता येते. अकरा कौशल्ये, प्रत्येकाच्या चार पायऱ्या, आणि दोनांतून एकच निवडावी लागणारी शारीरिक वर्धने, ही सारी मांडणी टेबलावरील पात्रपत्रिकेचीच आहे. (त्यांत पोहण्याचे कौशल्यही आहे, आणि त्यावर गुण खर्च केल्याबद्दल पस्तावलेल्या खेळाडूंची संख्या कमी नसावी.)

पंचाची जागा येथे दोन गोष्टींनी भरून काढली आहे. पहिली म्हणजे आधीच लिहून ठेवलेली प्रतिक्रिया. डेंटन कार्यालयातील महिलांच्या स्वच्छतागृहात शिरला तर पुढे त्याचा वरिष्ठ त्याला त्याबद्दल टोकतो. ही क्षुल्लक नोंद खेळाडूंच्या स्मरणात वर्षानुवर्षे राहिली, कारण कोणीतरी आपल्याकडे पाहत आहे असा भास तिने निर्माण केला. न्यूयॉर्कमधील हॉटेलात शत्रूने वेढलेल्या भावाला, पॉलला, सोडून खिडकीतून निसटले तर तो मरतो. थांबून लढले व दरवाज्यातून बाहेर पडले तर वाचतो. खेळ हे कोठेही सांगत नाही. पॉलचे मरण अटळ आहे असे समजूनच असंख्य खेळाडूंनी खेळ संपवला. दुसरी गोष्ट म्हणजे सर्वत्र सारखे लागू होणारे नियम. भिंतीला चिकटणारे स्फोटक एकावर एक लावून त्यांच्याच पायऱ्या करून भिंत चढता येते, हे खेळाडूंनी शोधून काढले. रचनाकारांनी ते योजले नव्हते. येथे निवाडा झाला, पण तो कोणी दिला नाही. नियमांच्या फटीतून तो आपोआप निघाला.

मात्र जेथे कथेला वळण घ्यायचेच आहे तेथे हा गोठलेला पंच उघडा पडतो. हॉटेलमधून निसटल्यावर डेंटन पकडला जातो, आणि तो पकडला जाणे कोणत्याही कौशल्याने टळत नाही. लढता लढता मरण आले तरी खेळ संपत नाही. डोळे उघडतात ते कोठडीत. ज्या खेळाने पानोपानी निवडीचे स्वातंत्र्य दिले, त्याने येथे ते मुकाट्याने काढून घेतले. दोष रचनाकारांचा म्हणता येणार नाही. पुढचा अर्धा खेळ त्या कोठडीतून सुरू होत होता.

परतीची वाट

'डेउस एक्स' टेबलावर आणू पाहणाऱ्या गेममास्टरला पहिली ठेच नेमकी या ठिकाणी लागते. टेबलाभोवतीचे चार भिडू हातात बेड्या घालून घेण्यास राजी होत नाहीत. ते गटारातून निसटतात, वेढा घालणाऱ्यांतील एखाद्याला फितवतात, किंवा ज्या वृत्तपत्राचे नावही मूळ खेळात नाही त्याला दूरध्वनी करून सारे प्रकरण फोडतात. गेममास्टरने तरीही त्यांना कोठडीत टाकलेच, तर डाव मोडतो. भिडूंना रुळांवरून ढकलण्याच्या या सवयीला त्या वर्तुळात 'रेलरोडिंग' हा निंदाव्यंजक शब्द आहे. व्हिडिओ गेममध्ये जी तडजोड क्षम्य असते, ती टेबलावर दोष ठरते, कारण येथे दुसरा निवाडा देऊ शकणारा माणूस समोर बसलेला असतो.

दुसरी अडचण संख्येची. डेंटन एकटा आहे. टेबलावर चौघे-पाच जण असतात आणि प्रत्येकाला काही करण्याजोगे हवे असते. 'सायबरपंक २०२०'ने यासाठी भाडोत्री लढवय्या, जाळ्यातील घुसखोर, तंत्रज्ञ, पत्रकार, दलाल अशा नऊ भूमिका दिल्या होत्या. पण तेथेही घुसखोराचा प्रश्न सुटला नाही. तो संगणकाच्या जाळ्यात एकट्याने भटकत असताना बाकीचे भिडू चहा पीत बसत. यावर उपाय निघण्यास तीस वर्षे लागली. 'सायबरपंक रेड' (२०२०) या आवृत्तीत घुसखोराने प्रत्यक्ष त्या इमारतीत, यंत्राच्या काही मीटरच्या परिघात असलेच पाहिजे असा नियम केला गेला आणि तो इतरांबरोबर खेळू लागला. 'डेउस एक्स'मध्ये घुसखोरी म्हणजे पडद्यावर सरकणारी एक वेळपट्टी; ती तशीच टेबलावर आणल्यास काहीच उरत नाही.

तिसरी बाब अधिक मूलगामी आहे. 'सायबरपंक २०२०'च्या नियमांत शरीरात बसवलेल्या प्रत्येक यंत्राची किंमत माणुसकीच्या गुणांत मोजली जाते; दर दहा गुण गेले की सहानुभूतीचा एक अंक घटतो, आणि तो शून्यावर आला की पात्र भिडूच्या हातून जाते. 'डेउस एक्स'मध्ये असा हिशेब नाही. डेंटन कितीही वर्धने बसवून घेतो व पूर्वीसारखाच थंड स्वरात बोलत राहतो. त्याच्या शरीराची किंमत वेगळीच आहे: त्यात मालकाने मरणाची कळ बसवून ठेवली आहे. तो बंडखोरांना मिळताच ती दाबली जाते, आणि हाँगकाँगमध्ये ट्रेसर टाँग ती निकामी करतो तेव्हाच तो वाचतो. जुन्या पिढीतील यांत्रिक अवयवांच्या ॲना नव्हारे व गुंथर हर्मन यांना तर केवळ एक ठरावीक शब्दप्रयोग उच्चारून मारता येते. पॉन्डस्मिथ यांच्या नियमांत यंत्र माणसाची करुणा खाते. स्पेक्टर व त्यांच्या सहकाऱ्यांच्या खेळात ते त्याला वेठीला बांधते. ही दोन वेगळी समाजदर्शने आहेत. 'सायबरपंक २०२०'चे नियम जसेच्या तसे घेऊन त्यात 'डेउस एक्स'ची कथा घालणारा गेममास्टर नकळत दुसऱ्याच विषयावरचा खेळ खेळू लागतो. उलट, माणुसकीचा हिशेब बाजूला सारून, भिडूच्या शरीरातील प्रत्येक वर्धनामागे कोणाची तरी मालकी आहे आणि ती केव्हा वसूल होईल हे फक्त पंचाला ठाऊक आहे, एवढा एकच नियम केला तरी खेळाचा आत्मा टेबलावर येतो. रूपांतरकाराची पारख येथे होते.

चौथी अडचण ज्ञानाची. खेळ आवडता असल्यामुळेच भिडूंना तो पाठ असतो. युनॅटको विश्वासघात करणार हे पहिल्या बैठकीपूर्वीच सर्वांना माहीत असते, म्हणून कथानक हे रूपांतराचे सर्वांत निरुपयोगी साहित्य ठरते. स्पेक्टर यांच्याच एका जुन्या, वारंवार बोलून दाखवलेल्या इच्छेत यावरचा मार्ग सापडतो. जगभर भटकवण्याऐवजी शहरातील एकच गल्ली घ्यावी आणि तिच्यातील प्रत्येक घर, प्रत्येक माणूस पूर्ण खोलीने उभा करावा, असा खेळ करण्याचे त्यांचे स्वप्न होते. यंत्रावर ते प्रचंड खर्चाचे आहे. टेबलावर त्याला एक वही पुरते. 'डेउस एक्स'मधील हेल्स किचनच्या रस्त्यांवर लसीविना खोकणारी माणसे आहेत, पण त्यांच्यापाशी दोन-चार वाक्यांखेरीज काही नाही. लस कोणाला मिळावी हे ठरवणारा दवाखान्यातील कारकून, आपला कोटा विकणारा शिपाई, रांगेत उभी असलेली आई, यांच्याभोवती डाव मांडला की कारस्थानाचे अंतिम सूत्रधार कोण, हा प्रश्न मागे पडतो आणि तरीही खेळ त्याच जगातला राहतो. २०२० च्या महासाथीनंतर अशा डावाला काही वेगळेच वजन आले असणार, हे उघड आहे.

खेळाच्या शेवटी डेंटनपुढे तीन पर्याय येतात: गुप्त सत्ताधाऱ्यांत सामील होणे, जगाचे संपर्कजाळे नष्ट करणे, किंवा हीलिऑस या कृत्रिम बुद्धीशी एकरूप होणे. 'इनव्हिजिबल वॉर' (२००३) या उत्तरार्धाच्या कर्त्यांना एक शेवट निवडणे शक्य झाले नाही. त्यांनी तिन्हींचे अंश एकत्र करून पुढची कथा रचली. बाजारात जाणाऱ्या कृतीला एकच भूतकाळ लागतो. टेबलाला तो लागत नाही. प्रत्येक टेबलाचा इतिहास आपापला असतो.

मालकी आणि दप्तर

हा परतीचा प्रवास काही वेळा अधिकृत मार्गानेही झाला आहे. पॉन्डस्मिथ यांच्या टेबलावरील जगावर पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट रेडने 'सायबरपंक २०७७' हा व्हिडिओ गेम घडवला. १० डिसेंबर २०२० रोजी तो प्रकाशित झाला आणि तांत्रिक दोषांमुळे आठवडाभरातच सोनीने तो आपल्या दुकानातून काढून टाकला. सुमारे सहा महिन्यांनी तो तेथे परत आला. त्याच जगावर 'एजरनर्स' ही जपानी ॲनिमेशन मालिका २०२२ मध्ये आली आणि तिच्यावर आधारित टेबलावरील संच आर. टॅलसोरियनने २०२४ मध्ये काढला. टेबल, यंत्र, पडदा आणि पुन्हा टेबल, असे हे आवर्तन. व्हिडिओ गेममध्ये नुसते पाहून दुरून करता येणाऱ्या घुसखोरीसाठी या संचाला नवे नियम लिहावे लागले. म्हणजे घुसखोराला इमारतीत आणण्यासाठी 'रेड'ने केलेली तजवीज यंत्राच्या आग्रहाने पुन्हा सैल झाली. येथे टेबल यंत्राचे अनुकरण करू लागलेले दिसते, आणि ते त्याच्या हिताचे आहे असे म्हणणे कठीण आहे.

अमेरिकन कायद्यानुसार खेळाची पद्धत कोणाच्या मालकीची होत नाही. तिचे शब्दांकन, चित्रे व पात्रे होतात. पद्धत आणि तिचे वर्णन यांतील हा भेद हिशेबपद्धतीच्या एका पुस्तकावरून सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केला होता. तरीही व्यवहारात परवाना देणाऱ्याचा शब्द जड असतो. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'चे मालक विझर्ड्स ऑफ द कोस्ट यांनी २००० सालचा खुला परवाना बदलण्याचा केलेला प्रयत्न जानेवारी २०२३ मध्ये फुटला, आणि झालेल्या विरोधानंतर त्याच महिन्याच्या अखेरीस त्यांना मूळ नियमांचा गाभा क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुला करावा लागला. घरगुती टेबलावरील 'डेउस एक्स' या साऱ्यापासून मुक्त असतो, कारण तो छापला जात नाही, विकला जात नाही.

आणि त्यामुळेच तो इतिहासकाराच्या हातीही लागत नाही. टेक्सास विद्यापीठाच्या डॉल्फ ब्रिस्को केंद्रात २००७ पासून व्हिडिओ गेमचे अभिलेखागार आहे आणि ते उभे करण्यात स्पेक्टर यांचा सहभाग होता. रचनेचे आराखडे, पत्रव्यवहार, टिपणे असे संगणकीय खेळामागचे कागद तेथे सांभाळले जातात. १९७८ च्या त्या डावासाठी मुख्य आधार राहतो तो एका भिडूने पुढे अनेकदा सांगितलेल्या आठवणींचा. पात्रपत्रिका, चौकटीच्या कागदावरचे नकाशे, समासात लिहिलेले फाशांचे आकडे, कोणत्या रात्री कोण गैरहजर होते त्याच्या नोंदी, असे कागद जगभरातल्या टेबलांवर आजही तयार होतात आणि डाव संपला की बहुधा रद्दीत जातात. 'डेउस एक्स' कोणत्या टेबलावर कसा बदलला, पॉल कोठे वाचला, कोणत्या भिडूंनी कोठडीत जाण्याचे नाकारले, याची साधने आहेत ती खोक्यांत, वह्यांत आणि पन्नाशी ओलांडलेल्या माणसांच्या स्मरणात. त्यांच्या मुलाखती घेण्याचे काम तुलनेने स्वस्त आहे, पण त्याला मुदत आहे.